सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं: अवयव प्रत्यारोपणात घरच्यांच्या मनाचं काय होतं

रक्तगटाचा कागद हातात आला तेव्हा मी बेळगावातल्या एका दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. अण्णाचा गट ओ, माझा बी. म्हणजे माझी किडनी अण्णाला चालणार नव्हती. मी तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. रडता रडता एक गोष्ट लक्षात आली, ती पुढं वर्षभर कुणाला सांगितली नाही. मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. सख्खा भाऊ डायलिसिसवर आणि आपल्याला हायसं वाटतंय, म्हणजे आपण किती खालच्या दर्जाचं माणूस, हा विचार कितीतरी रात्री डोक्यात फिरत राहिला.

नंतर प्रत्यारोपण झालेल्या बऱ्याच घरांत बसणं-उठणं झालं. शहापूर-वडगावात, खानापूरकडं, निपाणीत, हद्दीपलीकडं चंदगड-गडहिंग्लजला. चहा संपला, इकडचं-तिकडचं बोलून झालं की जवळजवळ प्रत्येक घरात असं एखादं न बोललेलं वाक्य बाहेर यायचं. ऑपरेशन कसं होतं ते डॉक्टर सांगतात, खर्च किती ते ऑफिसात सांगतात. मनात काय काय उठेल, ते मात्र आधी कुणी सांगत नाही. ते साध्या शब्दांत सांगावं म्हणून हे लिहितोय.

आधी डायलिसिसचं घर कसं असतं ते. किडन्या निकामी झाल्या की रक्तातली घाण आणि जादा पाणी यंत्रानं काढावं लागतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास. अण्णाचे वडगावात दोन माग. डायलिसिसच्या दिवशी माग बंद, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही म्हणून अर्धा दिवस बंद. पाणी दिवसाला लिटरभर, त्यातच चहा आणि आमटी धरायची. वहिनी सकाळी मोजून तांब्या भरून ठेवायची आणि बाकीचं पाणी आत झाकायची. नारळपाणी, केळी, टोमॅटो बंद, कारण त्यातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. एप्रिलच्या उन्हात बर्फाचा खडा चघळत बसलेला माणूस आणि त्याच्यापासून पाणी लपवणारी बायको यांच्यात प्रेम असतं, तसा रागही असतो. वहिनी एकदा म्हणाली, "मी बायको न्हाई, पहारेकरी झालोय." तिचं खरं होतं.

डायलिसिसच्या सुया टोचायला अण्णाच्या डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागायची आणि कान लावला तर लांबून मागाच्या खोलीतून यावी तशी घरघर. ती घरघर म्हणजे रक्त वाहतंय, फिस्टुला चालू आहे. आई रोज रात्री तो झोपला की अंधारात त्याचा हात चाचपायची.

मग प्रश्न येतो, देणार कोण?

भारतात यासाठी 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, त्यात 2011 साली दुरुस्ती झाली आणि 2014 साली नियम आले. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक. दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. यांच्याबाहेरचं कुणी देणार असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते, आणि पैशाचा व्यवहार निघाला तर 5 ते 10 वर्षं तुरुंग, वर 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. रक्तगटाचं गणित असं: ओ गटाचा माणूस सगळ्यांना देऊ शकतो, पण त्याला मिळते ती फक्त ओ गटाकडून. एबी गटाचं याच्या बरोबर उलटं. गट जुळत नसला तर दोन कुटुंबांनी आपापसात दात्यांची अदलाबदल करण्याची सोय कायद्यात आहे, पण ओ गटाच्या रुग्णाला त्यातही थांबावं लागतं.

आमच्या घरात ओ गट तिघांचा: आई, अक्का आणि अण्णा स्वतः. आईला साखर, म्हणून ती बाद. राहिली अक्का, चंदगड तालुक्यात दिलेली.

त्या दिवसांत घरातलं जेवण कसं असायचं ते अजून आठवतं. कुणी काही बोलायचं नाही. अक्काचं नावसुद्धा निघायचं नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच. मागावं तर तिच्या पोरांच्या तोंडचा घास मागितल्यासारखं, न मागावं तर भाऊ जातोय. शेवटी तीच स्टँडवरून थेट घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "मी देतो की. त्यात एवढं काय विचार करायचं हाय?" (आमच्याकडच्या बायका 'देतो', 'येतो' असंच म्हणतात.)

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तिला एकदाही विचारलं नाही, अक्का, तुला भीती वाटते काय गं?

भीती होतीच. तिची सासू म्हणाली होती, "हिचं काय बरंवाईट झालं तर पोरास्नी कोण बघणार?" त्यावरून आमच्याकडं नाराजी झाली. आज मला ती म्हातारी बरोबर वाटते. तिचा प्रश्न स्वाभाविक होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. ते उत्तर असं की चांगल्या प्रकृतीचा माणूस एका किडनीवर नीट जगतो, कारण उरलेली किडनी थोडी वाढते आणि जास्तीचं काम उचलते. हलकं काम महिना-दीड महिन्यात सुरू होतं, भारी ओझं उचलणं त्याहून जरा पुढं ढकलायचं. मात्र दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं आणि अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. धोका अगदी थोडा असतो, पण असतो, आणि तो सासरच्या माणसांना समोर बसवून सांगायला हवा.

आता एक कडू गोष्ट. 'नोट्टो' ही प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था. तिच्या आकडेवारीनुसार 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 प्रत्यारोपणं झाली. त्यात अवयव मिळालेल्या बायका 6,945, बाकी पुरुष. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायका कितीतरी जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. तिला आजार झाला तर तिच्यासाठी रांगेत कोण उभं राहतं, हे आपल्याच गल्लीत मोजून बघावं. अक्कानं प्रेमानंच दिली, यात मला शंका नाही. पण 'नाही' म्हणायला तिला जागा होती का, याची मला खात्री नाही.

म्हणून हे नीट लक्षात घ्या. दात्याची तपासणी करणारे डॉक्टर त्याच्याशी एकट्यात बोलतात. स्त्री दाता असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणीतरी पडताळावी, असं नियमांतच आहे. एकट्यात बसून 'मला द्यायची नाही' किंवा 'मला भीती वाटते' असं सांगता येतं. पुष्कळ डॉक्टर अशा वेळी घरच्यांना कारण सांगत नाहीत, 'हे दाते योग्य नाहीत' एवढंच कळवतात. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत कधीही माघार घेता येते. ज्यानं माघार घेतली त्याच्या मनातही माया आणि भीती दोन्ही असतात, आणि घरानं त्याला आयुष्यभर टोचू नये.

कागदपत्रांचा ताप आमच्यासारख्या हद्दीवरच्या माणसांना जरा जास्तच. अक्काचा दहावीचा दाखला कर्नाटकाचा, कन्नडमध्ये, माहेरच्या नावाचा. आधार महाराष्ट्राचं, सासरच्या नावाचं. अण्णाच्या आधारावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे दोघं एकाच आई-बापाची लेकरं, हे सिद्ध करायला आम्ही दीड महिना या तहसीलदाराकडून त्या तहसीलदाराकडं फिरलो. नवरा-बायकोच्या बाबतीत लग्नाचा दाखला, लग्नातले फोटो मागतात. एका घरी मी बघितलंय, वीस वर्षांपूर्वीचा अल्बम पिशवीतून काढून बाकड्यावर बायको पानं उलटत होती, आणि शेजारी सुजलेल्या पायांचा नवरा फोटोतल्या फेटेवाल्या स्वतःकडं बघत होता. दोघंही काही बोलत नव्हती.

एकच सांगतो, फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि समजत नसेल तर न लाजता 'मराठीत समजावून सांगा' म्हणा. समजल्याशिवाय सही करू नका. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात समन्वयक नेमणं कायद्यानंच बंधनकारक आहे. हे काम त्यांचंच.

ऑपरेशनचा दिवस. जुन्या किडन्या बहुतेक वेळा तशाच ठेवतात आणि नवी पोटाच्या खालच्या बाजूला, जांघेच्या वर बसवतात. रक्तवाहिन्या जोडून चिमटे काढले की कधी कधी टेबलावरच लघवी सुरू होते. संध्याकाळी आम्हाला काचेतून पिशवी दिसली. पिवळं पाणी उतरत होतं. आईनं तिथंच पदर पसरून हात जोडले. मामानं कुंदा आणून सगळ्या कॉरिडॉरला वाटला. मिलिलिटरचे आकडे ऐकून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.

आणि वरच्या मजल्यावर अक्का एकटी. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरतात, त्यामुळं नंतर खांदा असा दुखतो की माणूस कळवळतो. आम्हाला हे माहीत नव्हतं. रात्री नऊला मी वर गेलो, तर कन्नड बोलणारी एक नर्स तिच्याजवळ उभी राहून "ऊट आयता?" म्हणून विचारत होती. जेवण झालं का, हे तिला दिवसभरात विचारणारी ती पहिलीच. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

देणाऱ्याच्या बाबतीत हे हमखास होतं. तो निरोगी म्हणून आत गेलेला असतो आणि दुखणं घेऊन बाहेर येतो. घेणारा आजारी म्हणून आत जातो आणि रोज सुधारत जातो. सगळं घर सुधारणाऱ्याकडं धावतं. पहिल्या काही आठवड्यांत दात्याला उदास वाटणं, कारण नसताना रडू येणं, 'आपलं काम झालं, आता आपल्याला कोण विचारतंय' असं वाटणं, हे खूप जणांना होतं. त्याचा अर्थ दिल्याचा पश्चात्ताप झालाय असा नसतो. एक माणूस फक्त दात्यासाठी ठरवून ठेवा, ज्यानं रुग्णाकडं जायचंच नाही. आम्ही ते केलं नाही.

घरी आल्यावर निराळंच चालू होतं. शरीर नव्या किडनीला परकी समजतं आणि तिच्यावर हल्ला करतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, घड्याळ लावून. त्यातल्या टॅक्रोलिमसनं हात थरथरतात, स्टेरॉईडनं चेहरा सुजतो, भूक वाढते आणि स्वभाव फिरतो. अण्णा, ज्यानं कधी पोरांवर आवाज चढवला नाही, तो मीठ कमी म्हणून ताट सरकवायला लागला. वहिनीला वाटलं, नवी किडनी आली आणि नवरा बदलला. खरं म्हणजे तो बराचसा गोळीचा परिणाम होता, डोस कमी झाला तसा ओसरला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या घरातली बरीच रड वाचली असती. (पपनस मात्र पूर्ण बंद. ते खाल्लं की टॅक्रोलिमस रक्तात वाढतं. आमच्या परड्यातलं झाड त्या वर्षी शेजाऱ्यांनीच खाल्लं.)

त्यात क्रिएटिनिनची धास्ती. पूर्वी फोनवर 'जेवलास काय?' विचारायचे, आता 'क्रिएटिनिन किती?' आकडा जरा वर गेला की घर गप्प. रिक्षा खड्ड्यात आदळली की अण्णाचा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला जायचा. आणि अक्का फोनवर दरडावायची, "पाणी पिलास काय? गोळी घेतलास काय? माझी किडनी हाय ती, नीट ठेव." तो हसून 'हो' म्हणायचा, फोन ठेवला की खिन्न बसायचा. आपण तिच्या ऋणात आहोत, हे फिटणारं नाही, आणि तिच्यासमोर आता कशावरच भांडता येत नाही. भावा-बहिणीचं नातं भांडल्याशिवाय कसलं?

बसवलेली किडनी जन्मभर पुरेलच असं नाही. कुणाची दहा-पंधरा वर्षं, कुणाची वीसच्या पुढं, कुणाची थोड्याच वर्षांत जाते. गेली तर देणाऱ्याला एखादं मूल गेल्यासारखं वाटतं आणि घेणाऱ्याला आपण गुन्हा केल्यासारखं. त्यात दोघांचाही दोष नसतो.

आतापर्यंतचं सगळं जिवंत दात्याचं. याची दुसरी बाजू आयसीयूच्या दारात असते.

अण्णा आत असताना तिथं चिकोडीकडचे एक शेतकरी बसलेले असायचे. पोरगा मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला मार. डॉक्टरांनी मेंदूमृत झाल्याचं सांगितलं. ते मला म्हणाले, "अंग गरम हाय की अजून. मेलेलं माणूस गरम असतंय काय?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आपल्याला हजारो वर्षं मरण म्हणजे श्वास थांबणं, अंग गार पडणं हेच माहीत आहे. इथं छाती हलतेय, पडद्यावर ठोके दिसताहेत. त्यात भाषेची एक अडचण. कन्नड बातम्यांत यासाठी 'मेदुळु निष्क्रिय' म्हणतात. आपल्याला 'निष्क्रिय' कळतं, आणि वाटतं, आज निष्क्रिय आहे, उद्या सक्रिय होईल. तसं होत नाही. कोमात मेंदू जखमी असतो पण जिवंत असतो, त्यातून माणूस उठू शकतो. मेंदूमृत अवस्थेत श्वास चालवणारा मेंदूचा बुंधाच कायमचा मेलेला असतो. हृदयाला ठोक्यासाठी स्वतःची वीज असते, म्हणून व्हेंटिलेटर प्राणवायू देतोय तोवर ते चालतं. ते फार काळ टिकत नाही.

हे ठरवायला चार डॉक्टर लागतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला एकही त्यात चालत नाही. बाहुलीवर उजेड टाकतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात थंड पाणी घालतात, घशात नळी फिरवून खोकला येतो का बघतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की जिवंत मेंदू श्वास घ्यायला लावतोच. छाती अजिबात हलली नाही तर मेंदू गेला. हे सगळं किमान सहा तासांनी परत करतात. एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगायला हवी: मेंदूमृत माणसाचा हात कधी कधी आपोआप उचलला जातो. ती पाठीच्या कण्यातली प्रतिक्रिया असते. न सांगता ते दिसलं, तर आई जन्मभर म्हणत राहते, 'माझं लेकरू जिवंत होतं.'

मरणाची बातमी आणि अवयवदानाचा प्रश्न, दोन्ही एका दमात विचारू नयेत. आधी बातमी, मग वेळ, मग प्रश्न. कर्नाटकात हे काम 'जीवसार्थकते' या राज्य संस्थेमार्फत चालतं, पलीकडं कोल्हापूरकडचं पुण्याच्या समितीकडं. घरच्यांनी होकार दिल्यानंतरचा खर्च त्यांच्या माथी मारता येत नाही. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन असतं, त्यात वेळ जातो. शरीर शिवून, पुसून परत मिळतं. आमच्या भागात कुणी दहन करतं, कुणी लिंगायत रिवाजानं पुरतं, दोन्ही होतं. 'पुढच्या जन्मी डोळ्याविना जन्मेल' ही समजूत अजून ऐकू येते. दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवायला उशीर करतो, आणि मागून कुणीतरी पुटपुटतं, 'अवयव काढले म्हणून.' त्या वेळी बापाच्या मनाचं काय होत असेल! कावळा उशीर करतोच, हे नदीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तसं म्हणणाऱ्याला तिथंच गप्प करायला एखादं मोठं माणूस हवं.

चिकोडीच्या त्या शेतकऱ्यांनी शेवटी नाही म्हटलं. त्याच रांगेत यकृतासाठी थांबलेली एक बाई होती, तिचा नवरा रोज यल्लम्माला नवस बोलायचा. एकदा मला म्हणाला, "मी नेमकं काय मागूलोय तेच कळंना. कुणाचं तरी पोरगं जाऊ दे म्हणून मागूलोय काय?" मी काही बोललो नाही. आज तिथं असतो तर म्हटलं असतं, अपघात तुमच्या नवसानं होत नाही. झालेल्या मरणातून काहीतरी वाचावं, एवढंच तुम्ही मागताय. आणि त्या शेतकऱ्यांचा मला तेव्हा राग आला होता, तो आता नाही. 2023 साली देशात 18,378 प्रत्यारोपणं झाली, पण मेंदूमृत दाते होते 1,099. हा आकडा वाढायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण तो दबावानं वाढू नये, आधी घरात बोलून ठेवल्यानं वाढावा. 'माझं असं काही झालं तर द्या' हे एकदा जेवताना सांगून ठेवलेलं असलं की बापाला त्या बाकड्यावर एकट्यानं ठरवावं लागत नाही.

2022 साली धारवाडहून बेळगावच्या केएलई रुग्णालयात हृदय आणलं, तेव्हा हमरस्ता मोकळा केला होता. काढलेलं हृदय चार ते सहा तासच टिकतं, म्हणून ही धावपळ. आपण टाळ्या वाजवतो त्या गाडीसाठी. त्याच वेळी मागं धारवाडात एक कुटुंब रिकाम्या हातानं घरी निघालेलं असतं. कुणाचा अवयव कुणाला गेला हे दोन्हीकडं सांगत नाहीत. मिळालेला माणूस वाढदिवस करतो आणि त्याच दिवशी कुणाचं तरी वर्षश्राद्ध असतं, हे त्याला माहीत असतं. पुष्कळ जण त्या दिवशी देवापुढं एक दिवा जास्त लावतात. मला ते योग्य वाटतं.

आमच्या घरचं सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या भाऊबीजेला अण्णानं कर्ज काढून ओवाळणीच्या ताटात दोन तोळ्यांची चेन घातली. अक्कानं निरांजन खाली ठेवलं. "हे काय रे? हिशोब मिटवूलास काय?" म्हणाली आणि आत निघून गेली. चेन ताटातच राहिली. त्या रात्री पहिल्यांदा सगळं बोललं गेलं. तिचं भिंतीकडचं तोंड, तिची भीती, त्याचं ओझं. मी जिन्यातली गोष्ट सांगितली. अक्का म्हणाली, "मलाबी वाटलं हुतं, माझा गट न्हाई जुळला तर बरं."

पुढच्या वर्षी अण्णानं पूर्वीसारखीच आपल्या मागावरची साडी ताटात ठेवली. अक्कानं घडी उलगडली, उजेडाकडं धरून बघितली आणि म्हणाली, "यंदा काठ बारीक काढलास की."